साष्टी ते अंत्रुज, देवांच्या वाटेने: मुलांसोबतच्या तीन दिवसांच्या यात्रेच्या प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

माणसे तेरा: सहा मुले (वय ५ ते १४), पाच मोठी, दोन आज्या. दिवस तीन. निघायचे पर्वरीहून. गोव्याबाहेर जायचे नाही.

पहिल्या कच्च्या यादीत सव्वीस देवळे निघाली. ती यादी फाडली. एका दिवसात आठ देवळे केली की मुलांच्या लक्षात फक्त चपला काढणे आणि चपला शोधणे राहते. शिवाय फोंड्याची देवळे मुलांना नवी नाहीत, दरवर्षी कुठल्या ना कुठल्या जत्रेला ती जातातच. एवढी देवळे एकाच महालात का, हे मात्र सहापैकी एकालाही सांगता येत नाही. यात्रा त्या एका प्रश्नावर उभी करायची.

उत्तर नकाशावर आहे. तिसवाडी (पणजीकडचा भाग) पोर्तुगीजांकडे गेली १५१० साली, साष्टी (मडगावकडचा) आणि बारदेश (म्हापशाकडचा) १५४३ साली. अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका, त्यांच्या हाती लागला थेट १७६३ साली. मधल्या काळात पोर्तुगीजांच्या मुलखात देवळे पाडली जाऊ लागली, तसे देव नदी ओलांडून अलीकडे आले. जुवारीच्या, जुन्या नावाने अघनाशिनीच्या, त्या काठावर मूळ स्थान आणि या काठावर आजचे देऊळ. मुलांनीही ती नदी त्याच दिशेने ओलांडायची: आधी रिकामे झालेले ठिकाण, मग देव.

दोन नियम आजच पक्के. दर्शन आणि अभ्यास यांची सरमिसळ नाही: पाय धुणे, दर्शन, आरती असेल तर ती पूर्ण होईपर्यंत बसणे, आणि वही उघडायची ती सभामंडपाबाहेर आल्यावर. आणि एका ठिकाणी एकच काम. दोन दिली की दोन्ही अर्धी होतात.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री असल्यामुळे बैठक संध्याकाळी. जोड्या लिहून काढल्या:

मंगेश: कुठ्ठाळी (कुशस्थळी) ते प्रियोळ, १५६०. शांतादुर्गा: केळशी ते कवळे. म्हाळसा: वेर्णे ते मार्दोळ. महालक्ष्मी: कोलवा ते बांदिवडे. रामनाथ: लोटली ते बांदिवडे. कामाक्षी: राय ते शिरोडा. दामोदर: मडगाव ते जांबावली. कुंकळ्ळीकरीण: कुंकळ्ळी ते फातर्पे. देवकीकृष्ण: चोडण ते माशेल. सप्तकोटेश्वर: दिवाडी ते नार्वे.

वगळले: जांबावली, फातर्पे, शिरोडा. तिन्ही दक्षिणेला, एकेकाला अर्धा दिवस जातो. तांबडी सुर्ला वगळताना जास्त वाद झाला. काळ्या बसाल्टचे कदंबकालीन देऊळ, पाहण्यासारखे यात शंका नाही. पण तो देव कुठेही हललेला नाही आणि वाट पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याशी नेते. ते एका स्वतंत्र रविवारी.

न हललेला एक देव मात्र मुद्दाम ठेवला: बांदिवड्याचा नागेश. तिथे विजयनगर काळातला १४१३ सालचा शिलालेख आहे. बाकीचे सगळे आले तेव्हा हा आधीपासून इथे होता, ही गोष्ट मुलांना ‘यजमान आणि पाहुणे’ अशी सांगितली की पटकन कळते.

तारखा: ३, ४, ५ नोव्हेंबर. २ तारखेला व्हडली दिवाळी, तुळशीचे लग्न घरीच व्हायला हवे, म्हणून त्याआधी निघणे नाही. ३ ला सोमवार, मंगेशीला पालखी. ४ ला वैकुंठ चतुर्दशी. ५ ला त्रिपुरारी पौर्णिमा, साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीवर सजवलेल्या होड्यांचा उत्सव. तिन्ही दिवस सणाचे, म्हणजे तिन्ही दिवस गर्दीचे. हे गृहीत धरूनच वेळा लावायच्या.

२८ सप्टेंबर, रविवार

साष्टीच्या बाजूची पाहणी. नवरात्र चालू आहे, देवीच्या देवळांत मखरोत्सव (देवीला सजवलेल्या मखरात बसवून झुलवतात), त्यामुळे फोंड्याकडच्या वेळा आज मोजून उपयोग नव्हता. मखराच्या दिवसांत आरती रात्रीपर्यंत लांबते, नोव्हेंबरचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही.

मार्ग: पर्वरी, जुवारीचा नवा पूल, कुठ्ठाळी, केळशी, वेर्णे, लोटली, बोरीचा पूल, फोंडा. पन्नासएक कि.मी. नुसते चालवायला दीड तास, चार थांब्यांसह साडेचार.

अडचण लगेच कळली: मूळ स्थानी बघायला फारसे काही नाही. वेर्ण्याला जुन्या म्हार्दोळात नवे देऊळ उभे आहे, लोटलीलाही रामनाथाचे आहे. बाकी कुठे नुसते आवार, कुठे चर्च. पाच वर्षांचे मूल तिथे दोन मिनिटे टिकते. म्हणून इथले काम होकायंत्राचे. प्रत्येक जुन्या जागी उभे राहून आजच्या देवळाची दिशा काढायची आणि नकाशावर लाल दोरा लावायचा. साष्टीतले चारही दोरे उत्तर आणि पूर्व यांच्या मधल्या दिशांनाच जातात, आणि प्रत्येक दोरा नदी ओलांडतो. हे सांगायचे नाही, दोरे लागल्यावर मुलांनाच दिसू द्यायचे.

होकायंत्र गाडीजवळ धरले की चुकते, पत्र्याचे लोखंड सुईला ओढते. पाच-सहा मीटर लांब जायचे. मोबाइलचे होकायंत्र वापरायचे तर चुंबकाची झाप असलेले कव्हर आधी काढायचे. आजच्या पहिल्या वाचनात वीस अंशांची चूक आली ती कव्हरामुळे.

चर्चच्या आवाराबद्दल मुलांशी काय बोलायचे हे आधी ठरवलेले बरे. तिथे आज प्रार्थना करणारे लोक त्याच गावचे गावकार (मूळ घराण्यांतले) आहेत. आवाज हळू, बोट दाखवणे नाही, मिस्साच्या (चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेच्या) वेळी आत जाणे नाही. जे घडले ते सन-सालासह सरळ सांगायचे, तावातावाने नाही. मोठ्यांनाच ही सूचना जास्त लागते.

केळशीला आणखी एक गोष्ट सापडते. कृष्णदास शामा इथलेच. १५२६ साली त्यांनी मराठीत कृष्णचरित्र ओवीबद्ध केले. पणजीच्या सेंट्रल लायब्ररीला त्यांचेच नाव आहे. दोन मोठी मुले त्या लायब्ररीत जातात, नाव कोणाचे हे त्यांना माहीत नाही. केळशीचा थांबा दहा मिनिटांनी वाढवला.

५ ऑक्टोबर, रविवार

गाडी. तेरा माणसांना दोन मोटारी की एक टेम्पो ट्रॅव्हलर? मोटारी दोन घेतल्या तर गोष्ट सांगणारा एकाच गाडीत असतो आणि दुसऱ्या गाडीतली मुले मोबाइल उघडतात. सतरा आसनी ट्रॅव्हलर ठरला. भाड्याची घ्यायची तर व्यवसाय परवान्याचीच. ओळखीच्या कोणाची खाजगी गाडी पैसे देऊन घेतली तर अपघातात विमा अडतो. चालकाशी बोलताना तीन गोष्टी आधी: रात्रीचा भत्ता, थांबण्याचे तास, आणि तो कुठे झोपणार. तिसरी विचारायची बहुतेक लोक विसरतात.

खरा प्रश्न फेरीबोटीचा. पाच तारखेला जुन्या गोव्याहून दिवाडी आणि दिवाडीहून नार्वे अशा दोन फेऱ्या घ्यायच्या आहेत, कारण सप्तकोटेश्वर त्याच वाटेने गेला. दिवाडी बेटावरच्या जुन्या नार्व्यात कोटीतीर्थाची तळी आहे. तिथून नदीपलीकडे जिथे देव स्थिरावला त्या गावालाही नार्वेच म्हणतात. दोन काठ, एकच नाव.

ट्रॅव्हलरचे मागचे चाक आणि मागचा बंपर यांत अंतर जास्त असते. ओहोटीला पाणी उतरले की फेरीबोट धक्क्यापेक्षा खाली जाते, फळीचा उतार तीव्र होतो आणि गाडीची शेपटी घासते. पाच तारखेला पौर्णिमा, म्हणजे उधाण. भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो. म्हणून त्या दिवसाचे भरतीचे कोष्टक आधी आणि आपले वेळापत्रक नंतर. अर्ध्या भरतीपासून पूर्ण भरतीपर्यंतची वेळ उत्तम. गाडी चढताना-उतरताना आत फक्त चालक. मुले हात धरून चालत, आज्या शेवटी. सकाळी आठ ते साडेनऊ कामावर जाणाऱ्यांची रांग असते, तेव्हा जायचे नाही.

बोटीवरच्या माणसाने ‘ही गाडी नको’ म्हटले तर हुज्जत नाही. आमोण्याच्या पुलावरून नार्वे गाठायचे आणि दिवाडी समोरच्या काठावरून दाखवायची. हा दुसरा मार्ग चालकाला आजच लिहून दिला.

१२ ऑक्टोबर, रविवार

अंत्रुजची पाहणी. मार्दोळला रविवारची पालखी, गाडी लावायला जागा मिळवण्यातच वीस मिनिटे. सोमवारी मंगेशीला हेच होणार. पालखीच्या दीड तास आधी पोचायचे, किंवा मुक्कामच मंगेशीला करून चालत जायचे. दुसरे बरे.

आज मुख्य काम दीपस्तंभाच्या उंचीचे. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ सगळ्यांनी पाहिलेला असतो, मोजलेला कोणीच नसतो. पद्धत जुनीच: एक मीटरची सरळ काठी उभी धरा, तिची सावली मोजा, त्याच मिनिटाला स्तंभाची सावली मोजा, त्रैराशिक करा. लहानांना त्रैराशिक येत नाही. त्यांच्यासाठी अशी वेळ हवी की सावली उंचीएवढीच पडेल, म्हणजे सूर्य ४५ अंशांवर. आज ती वेळ पावणेदहाची. सूर्य रोज दक्षिणेकडे सरकतोय, त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती दहा वाजून पाच मिनिटांपर्यंत पुढे जाते. नऊ वाजता मोजले तर सावली उंचीच्या दीडपटीहून जास्त, अकरा वाजता पाऊण पटीहूनही कमी. म्हणून घड्याळ महत्त्वाचे. तीन तारखेला दहा वाजता आपण साष्टीत असू, तेव्हा हे काम चार तारखेला.

कागदावर सोपे, अंगणात अवघड. त्या वेळी सूर्य आग्नेयेला असतो, सावली वायव्येला पडते, आणि अंगण पुरले नाही तर टोक पायरीवर किंवा भिंतीवर चढते. चढलेली सावली मोजून उपयोग नाही. दुसरे, सावली स्तंभाच्या कडेपासून नव्हे, मध्यापासून मोजायची: खालच्या चौथऱ्याची रुंदी मोजून तिचा अर्धा भाग मिळवायचा. चौथरा आहे हे विसरले की उत्तर दरवेळी कमी येते. तिसरे, काठी तिरकी असली तर सगळेच चुकते. काठीला दोरीने किल्ली बांधली की ओळंबा तयार.

सावली भिंतीवर गेलीच तर कागदाचा त्रिकोण. चौकोनी कागद कर्णावर दुमडायचा, एक कड जमिनीला समांतर धरून कर्णाच्या रेषेत बघत मागे सरकायचे, कळस रेषेत आला की थांबायचे. तिथून स्तंभाच्या मध्यापर्यंतचे अंतर अधिक डोळ्याची उंची, म्हणजे स्तंभाची उंची. दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्याची उंची सव्वा मीटरच्या आसपास धरली तरी चालते, पण मोजणे चांगले. दोन्ही पद्धतींत अर्ध्या मीटरचा फरक आला तर समाधान मानायचे.

टेप पसरण्याआधी देवस्थानच्या कार्यालयात विचारायचे. प्रदक्षिणेच्या वाटेवर टेप नको, माणसे अडखळतात.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मुक्काम अग्रशाळेत (देवळाच्या धर्मशाळेत), दोन रात्री, चार खोल्या. फोनवर विचारायचे ते असे: महाजनांना (देवस्थानच्या मूळ घराण्यांतल्या लोकांना) प्राधान्य असल्यामुळे ऐनवेळी खोली जाऊ शकते का, गाद्या मिळतात की नुसत्या चटया, गरम पाण्याची वेळ, रात्री फाटक किती वाजता बंद होते, जिने किती (आज्यांना तळमजला), चालकाची सोय, दुपारचा महाप्रसाद कूपनावर असेल तर नाव आदल्या दिवशी द्यावे लागते का. लेखी काही मिळाले नाही तर ज्याच्याशी बोललो त्याचे नाव आणि वेळ वहीत.

चादरी आपल्याच न्यायच्या, तेरा आणि वर दोन. मांसाहार आणि दारू आवारात चालत नाही, हे चालकालाही आधी सांगायचे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सहलवही. चाळीस पाने, शिवलेली. स्पायरल नको, ओल्या हातांनी पाने फाटतात. मधोमध ए-३ नकाशा दुमडून चिकटवला. लाल दोऱ्याचे तुकडे सुट्या पाकिटात.

सगळ्यात जास्त वेळ गेला बांदिवड्याच्या महालक्ष्मीच्या कामावर. तिथे चौकात विष्णूच्या चोवीस रूपांच्या मालिकेतली लाकडी शिल्पे आहेत. केशव, नारायण, माधव, गोविंद अशी जी चोवीस नावे संध्या करताना आजोबा घेत, तीच ही. चोवीसच का? विष्णूचे हात चार, वस्तू चार: शंख, चक्र, गदा, पद्म. पहिल्या हातात चारांपैकी कोणतीही, दुसऱ्या हाताला तीन उरतात, तिसऱ्याला दोन, चौथ्याला एक. चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक. हे क्रमचय नववी-दहावीनंतर शिकवतात, पण पुठ्ठ्याच्या चार चिठ्ठ्या हातात दिल्या तर आठ वर्षांचे मूल जमिनीवर मांडून चोवीसपर्यंत पोचते. आज घरी करून पाहिले. एकवीसला अडकले, कारण तीन मांडण्या निसटल्या होत्या. पहिल्या हातात शंख पक्का ठेवून आधी त्याच्या सहा मांडण्या संपवायच्या, मग चक्राच्या सहा, असा क्रम दिल्यावर सुटले.

इथे एक खड्डा आहे. उजवा हात कोणाचा, देवाचा की बघणाऱ्याचा? देवाचा. क्रम खालच्या उजव्या हातापासून: खालचा उजवा, वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा, प्रदक्षिणेसारखा. वहीच्या पानावर चतुर्भुज आकृती छापली आणि हातांना एक ते चार आकडे दिले. शिल्पे उंचावर आहेत, आठपटीची एक दुर्बीण पुरेशी. कोणत्या मांडणीला कोणते नाव, याच्या याद्या ग्रंथागणिक थोड्या बदलतात, म्हणून नावे लावण्याचा हट्ट नाही. मांडणी टिपायची, एवढेच. आणि हे सगळे देवीचे दर्शन झाल्यावर.

नार्व्याच्या देवळासाठी दुसरे गणित. शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला त्याचा शिलालेख तिथे आहे: शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी. शकात ७८ मिळवले की इसवी सन, १६६८. (जानेवारी ते फाल्गुन या काळासाठी ७९.) कीलक बरोबर आहे का हेही तपासता येते: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक. १५९० अधिक १२, १६०२, बाकी ४२, प्रभवापासून बेचाळिसावे कीलक. यंदाचा शके १९४७ घेतला तर बाकी ३९, विश्वावसु. साठ नावांचा तक्ता कालनिर्णयासारख्या कुठल्याही पंचांगात नसेल तर हाताने लिहून वहीत लावावा. लेख वाचताना मुले अडतात ती अक्षरांच्या वळणावर, म्हणून आधी फक्त आकडे शोधायला लावायचे.

पाच वर्षांच्या दोघांसाठी लेखन नाही. त्यांचे काम मोजण्याचे आणि वास घेण्याचे: मार्दोळच्या पितळी दीपस्तंभाखालचे कासव शोधणे, फुलवालीकडची जायांची माळ ओळखणे, नागेशीच्या सभामंडपातल्या लाकडी रामायणात हनुमान किती वेळा येतो ते बघणे.

२९ ऑक्टोबर, बुधवार

परतीचा पाऊस अजून गेलेला नाही. छत्र्या नकोत, गर्दीत टोके लागतात, रेनकोट. तळ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे: दोघादोघांच्या जोडीने, पाण्याच्या वर तीन पायऱ्या सोडून थांबायचे, आणि खाली एक मोठे माणूस उभे असल्याशिवाय कोणीही उतरणार नाही.

कपडे: पूर्ण हात, गुडघ्याखाली. हाफ पँट आणि बिनबाह्यांचे कपडे बऱ्याच देवळांत चालत नाहीत. तेरा जोड चपला एका गोणपाटाच्या पिशवीत, पिशवीजवळ एक माणूस, बारी लावून. दुपारी फरसबंदी तापते, मुलांना मोजे.

गाडी लागणारी दोन मुले आहेत. त्यांना पुढच्या आसनावर, खिडकी उघडी, चालत्या गाडीत वही बंद. निघताना पोट रिकामे नको आणि तेलकटही नको: पेज किंवा केळे. पिशव्या सहा, प्रत्येक आसनाच्या खिशात. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, एकाच वेळी. अर्धे पाकीट पेल्यात अंदाजाने घालायची सवय असते, त्याने मीठ-साखरेचे प्रमाण बिघडते. उरलेले चोवीस तासांनी ओतून द्यायचे. रोजच्या औषधांचे डबे आज्यांच्या हातपिशवीत, डिकीत नाहीत.

खाऊ: चिवडा दोन किलो, साळदाटी केळी दोन फणी, खाजे अर्धा किलो, पाण्याचे वीस लिटरचे दोन जार. जेवण महाप्रसादाचे किंवा साध्या खानावळीचे. सकाळी पाव-भाजी किंवा बन्स गाड्यावर. दानासाठी दहाची साठ नाणी, प्रत्येक मुलाला दहा. स्वतःच्या हाताने टाकलेले नाणे आणि आईने टाकलेले नाणे यात मुलांना फरक कळतो.

१ नोव्हेंबर, शनिवार

वेळापत्रक. सूर्योदय साडेसहाला, सूर्यास्त सहा वाजून चार-पाच मिनिटांनी. अंधारानंतर मोजणी-वाचन नाही.

सोमवार: पावणेसातला पर्वरी सोडायची. कुठ्ठाळी साडेसात, केळशी सव्वाआठ, वेर्णे नऊ, लोटली सव्वादहा, बोरीच्या पुलावर गाडी न थांबवता फक्त ‘ओलांडली’ असे मोठ्याने म्हणायचे, साडेबाराला मंगेशी. दुपार झोपेची. संध्याकाळी पालखी, वहीशिवाय.

मंगळवार: आठला मार्दोळ, चालत. पावणेदहाला परत मंगेशी, दहा-पाचची सावली. साडेअकराला महालक्ष्मी. चार वाजेपर्यंत जेवण आणि विश्रांती, कारण दुपारी बरीच गर्भकुडे (गाभारे) बंद असतात. मग फोंड्याची साफा मशीद, पंधरा मिनिटे, बाहेरून: १५६० ची, म्हणजे मंगेश प्रियोळला आला त्याच सालची. तेव्हा इथे राज्य कोणाचे (पोर्तुगीजांचे नव्हे, आदिलशाहीचे) होते याचा याहून साधा पुरावा दुसरा नाही. साडेचारला नागेशी, मग कवळ्याला सांज-आरती.

बुधवार: माशेलला देवकीकृष्ण, जुने गोवे, फेरीबोट, दिवाडी, फेरीबोट, नार्वे, जेवण, दोन तास विश्रांती, साखळी. विठ्ठलापुरात कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत चालतो. लहानांसाठी नऊ वाजता परतीची वेळ ठरलेली, वादाला जागा नाही. गाडी गावाबाहेर, तोंड परतीच्या दिशेला करून. प्रत्येक मुलाच्या खिशात मोठ्यांच्या दोन फोन नंबरांची चिठ्ठी, आणि चुकल्यास कुठे उभे राहायचे ती एक जागा.

दर दिवशी दीड तास मोकळा ठेवला आहे. तो कुठे जाईल ते आज सांगता येत नाही, पण जाईल.

आज एकादशी. उपवास करणाऱ्यांसाठी सोमवारच्या खाऊची खरेदी उद्यावर.

२ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचे लग्न आटोपून साडेआठला गाडी भरली. लग्नातले उसाचे दोन तुकडे आणि आवळे खाऊच्या डब्यात. काठी, टेप (१५ मीटर, कापडी), दुर्बीण, चिठ्ठ्या, दोरे तपासले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पुढच्या वेळेसाठी दुरुस्त्या.

कापडी टेप पावसात भिजली की ताणते; फायबरची घ्यावी. लोटलीचा थांबा पाऊण तासाचा धरला होता, वीस मिनिटे पुरतात. वेर्ण्याला उलट जास्त हवेत, मार्दोळची जोडी मुलांना सगळ्यात लवकर कळते.

दीपस्तंभ: सावली पायरीवर चढली, कागदाचा त्रिकोण वापरावा लागला. पाच मुलांची पाच उत्तरे आली, त्यांतली तीन एकमेकांच्या अर्ध्या मीटरच्या आत. उरलेली दोन डोळ्याची उंची मिळवायला विसरल्यामुळे कमी. सरासरी काढण्याआधी चूक शोधायला लावावी, नाहीतर चुकीची उत्तरेही सरासरीत जातात.

चोवीस रूपांना एक तास पुरला नाही. तिथला मुक्काम दीड तासाचा करावा आणि त्या दिवशी मशीद वगळून तिसऱ्या दिवशी सकाळी घ्यावी.

साठ नाण्यांपैकी एकोणीस उरली, सगळी एकाच मुलाच्या खिशात. त्याने दहा नाणी पुरणार नाहीत म्हणून बाकीच्यांकडून नऊ घेऊन ठेवली होती.